दोन खाचांच्या मधलं तेल

"मिस्तरी, होरी हाय ती माजी, म्हैस नाय. किती वेल तिचं पोट चाचपतंस?"

कृष्णाबाई जेट्टीवरून ओरडली. होडीच्या पोटातून उत्तर आलं, "गप रव गो जरा. तेल बघतंय."

मी शेजारीच एका पालथ्या टोपलीवर बसले होते. ओहोटी लागून ट्रॉम्ब्याची खाडी पार लांब गेली होती आणि कृष्णाबाईची होडी चिखलात बसली होती. जेट्टीवरून होडीत एक फळी टाकलेली. होडीच्या मधल्या चौकटीतून दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते, एकात चप्पल, दुसऱ्यातली चिखलाने गिळलेली. ते पाय चंद्रप्रकाश राणे यांचे, वय वर्षं सहासष्ट, धंद्याने मोटार मेकॅनिक. माझे यजमान.

नारळी पुनवेला तीन दिवस उरले होते, आणि या माणसाला इथे आणून चिखलात पालथं घालण्याचं पाप माझं. माझ्या तोंडाचं म्हणा हवं तर.

कृष्णाबाईकडून मी बावीस वर्षं मासे घेते. चेंबूरच्या बाजारात डाव्या हाताला तिसरी ती बसते. तिच्याशी भांडल्याशिवाय मासे घेतले तर मला ते लागत नाहीत आणि तिलाही विकल्यासारखे वाटत नाहीत. तर जुलैमध्ये एकदा मी गेले, बोंबील उचलला, नाक मुरडलं, म्हटलं, "हा काल मेला की परवा?" एरवी तिने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी म्हणाली, "घे गो बाय, जो आवडंल तो घे."

मी घाबरलेच. टोपलीपलीकडे जाऊन तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "कृष्णाबाई, काय झालं? तब्येत बरी ना?"

मग तिने सांगितलं. मागच्या मोसमात होडीचं इंजिन भर खाडीत जाम झालं. तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचलंच नाही. दुसऱ्या होडीने बांधून आणावं लागलं, सगळ्या कोळीवाड्याने बघितलं. मुलगा विपुल अंधेरीत कॉम्प्युटरच्या ऑफिसात. तो म्हणाला, आई, आता पुरे, विकून टाक होडी. तिचा दीर बळवंत होडी चालवतो; त्याने कुठूनसं जुन्या जीपचं डिझेल इंजिन आणलं. शेवटी माय-लेकरांत ठरलं: नारळी पुनवेला होडी या इंजिनावर खाडीत जाऊन स्वतःच्या पायाने परत आली तर राहील, नाहीतर विकायची. कृष्णाबाईने शब्द दिला होता, आणि ती शब्द मोडणारी बाई नव्हे.

"मंग अडलंय कुठं?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप तिच्यासारखी वळते.

अडलं होतं ते चेंबरमध्ये. इंजिनाच्या खाली तेलाचा जो पत्र्याचा डबा असतो त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. गाडीचा चेंबर होडीच्या निमुळत्या पोटात मावेना. म्हणून मानखुर्दच्या एका वेल्डरने तो पुढून कापून उथळ केला आणि मागे खाली एक खिसा जोडला. छान मावला. फक्त आता त्यात तेल किती घालायचं ते कोणालाच ठाऊक नाही. तिघांनी तीन आकडे सांगितले होते. आणि तेल बघायची डिपस्टिक, ती लोखंडी पट्टी, तिच्यावरच्या खुणा जुन्या डब्याच्या. त्या आता काहीही सांगणार.

"एवढंच ना?" मी म्हटलं. अख्ख्या मासळीबाजारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. "आमच्या ह्यांना आणते. चाळीस वर्षांत ह्यांनी हात लावलेलं एक इंजिन परत आलेलं नाही!"

शेजारच्या चार कोळणी साक्षीला होत्या. आता मागे फिरायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर माझाही त्यात स्वार्थ होता. दोन वर्षं हे घरात बसून होते. देवगडकडचे आम्ही, सासरे गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा हे चोवीस वर्षांचे, घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये पाने धुवायला लागले. तिथून पुढे चेंबूरला स्वतःची पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ह्यांनी एक चौकोन फरशीचा केला होता, पाणी ओतून ओतून सपाट करून घेतलेला. तेल बघायची प्रत्येक गाडी आधी त्या फरशीवर उभी राहायची. मंत्र्याची असो नाहीतर भाजीवाल्याची, फरशीवर उभी नसेल तर हे डिपस्टिकला हात लावायचे नाहीत. पण आताच्या गाड्यांची तपासणी लॅपटॉपवर होते, आणि ह्यांना लॅपटॉपचं बटण सापडायला अर्धा दिवस लागतो. गाड्या यायच्या बंद झाल्या. मग हे घरात काय करणार? दाराच्या बिजागऱ्यांना तेल. शिलाई मशीनला तेल. माझ्या मिक्सरला तेल! चटणीला डिझेलचा वास यायला लागला तेव्हा मी हात टेकले.

त्यामुळे मी बाजारातून येऊन सांगितलं तेव्हा हे खुर्चीतून असे उठले की मला जुना चंद्रप्रकाश दिसला. चेंबर रिक्षात घालून शेडमध्ये नेला, त्या फरशीवर ठेवला, दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिले. मी डबा घेऊन गेले तेव्हा मला सगळं समजावलं.

"ह्या बघ, प्रेमा. हयसर खाली तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी. आणि वर हो क्रँक, इंजिनाचो मोठो दांडो, फिरता. ताक घुसळताना कसा? ताक कमी असला तर रवी नुसती वाऱ्यावर फिरतली. जास्त असला तर फेस येऊन सगळा बाहेर. तेलाचा तसाच. जाळी बुडूक व्हयी, पण क्रँक तेलात लागता नये. मधे काय ती जागा."

जाळी कुठे येते आणि क्रँक कुठे येतो ते मापून त्यांनी चेंबरच्या मागच्या खिशावर, बाहेरून, दोन रेघा कोरल्या. त्या रेघांवरून डिपस्टिकवर कानशीने दोन खाचा केल्या. खालच्या खाचेच्या खाली तेल नको, वरच्या खाचेच्या वर नको. झालं काम. इतकं सोपं.

म्हणून आज चेंबर बसवून ते होडीत पालथे पडले होते. होडी एका अंगावर कलली होती ती त्यांनी फळ्या ठोकून सरळ करून घेतली. मग कॅन उघडून तेल ओतायला लागले. ओतलं, पट्टी बघितली. पुन्हा ओतलं, पट्टी बघितली.

कृष्णाबाई म्हणाली, "मिस्तरी, पानी येऊं दे ना आधी. मंग भर."

"तेल घालूक पाणी कित्याक व्हया?" हे आतून म्हणाले आणि स्वतःच हसले. कृष्णाबाईने माझ्याकडे बघून खांदे उडवले. शिकलेला मिस्तरी, त्याला आपण काय सांगणार, असा तो चेहरा होता.

"अहो, फार नाही ना होत?" मी विचारलं. कारण कॅन बराच रिकामा झाला होता.

"खाचेवर आला बघ. झकास!" पाय हलले, मग पाठ आली, मग तेलाने माखलेलं तोंड आलं. इतका आनंद त्या तोंडावर मी दोन वर्षांत बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भरती होती. होडी उचलली गेली, डुलायला लागली. जेट्टीवर अर्धा कोळीवाडा. विपुल ऑफिसला रजा टाकून आला होता, त्याची बायको नेत्रा मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होती. बळवंतने बटण दाबलं. इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि धडधडायला लागलं. टाळ्या, शिट्ट्या! कृष्णाबाईने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी पाण्यातच पडायची.

पाच मिनिटं. सहावं मिनिट काही नीट गेलं नाही. निळा धूर यायला लागला, आधी थोडा, मग भरभरून. इंजिनाच्या मागच्या टोकातून तेल झिरपायला लागलं, खाली काळं तळं. बळवंतने इंजिन बंद केलं.

ह्यांनी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल वरच्या खाचेच्याही चार बोटं वर होतं.

"काल खाचेवर होता," हे पुटपुटले. "काल बरोबर खाचेवर होता."

विपुल तसा गुणी मुलगा. तो हळूच म्हणाला, "आई, राहू दे ना आता. किती ओढाताण करशील?"

कृष्णाबाईने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती होडीत उतरली, ह्यांच्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं आता उद्धार होणार. पण ती अगदी सावकाश बोलली. "मिस्तरी, काल होरी कुठं होती?"

"हयसरच."

"हयां नाय. चिखलात होती. चिखलात होरीचं बूड वर ऱ्हातं, तोंड खाली. तो चिखलच तसा हाय, उताराचा. आता पान्यावर आली. आता बूड खाली बसलं, तोंड वर. मंग तुजं तेल जाईल ना मागं?"

ह्यांनी इंजिनाकडे बघितलं. होडीच्या टोकाकडे बघितलं. मग पाण्याकडे. मी बघत होते, ह्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट उतरत गेली: काल तेल पुढे सरकलेलं, म्हणून मागच्या खिशातली पट्टी कमी दाखवत होती आणि हे ओतत राहिले. फळ्या ठोकून होडी डावी-उजवी सरळ केली होती खरी, पण पुढे-मागे बघायचं सुचलंच नाही. गाडी जशी उभी असते तशीच पळते. चाळीस वर्षं हेच डोक्यात. होडी चिखलात उभी बघून ह्यांना वाटलं, पार्क केली आहे.

"चुकला माझा," हे म्हणाले. "बाय, साफ चुकला."

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. हे दोन शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेसुद्धा कृष्णाबाईला! माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. पण त्या क्षणी राग आला तो माझाच मला आला. कोणी सांगितलं होतं बाजारात छाती ठोकायला? तिची होडी जाणार, ह्यांचं नाव जाणार, आणि मी कुठल्या तोंडाने बोंबील घ्यायला जाणार?

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. बिजागऱ्यांकडेही बघितलं नाही. आंघोळीला जातो म्हणाले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, आतून पाण्याचा आवाज नाही. दार वाजवणार तेवढ्यात आतून आरोळी आली, "प्रेमा! हयसर ये! धाव!"

दार ढकललं. हे बादलीसमोर पाटावर बसलेले, अंगावर टॉवेल, आणि बादलीत माझा पीठ भिजवायचा प्लॅस्टिकचा टोप तरंगतोय. टोपाच्या एका बाजूला साबणाची वडी.

"बघ. साबण हयसर ठेवला की टोप असो कलता. तयसर ठेवला की तसो."

"माझा पिठाचा टोप!"

"टोप रव दे गो! होडीत माणसा खंय बसतत? मासळीची जाळी खंय ठेवतत? बर्फ खंय? ता सगळा ठरल्याशिवाय होडी कशी कलता ता कळाचा नाय. आणि ता कळल्याशिवाय तेल खंय उभा रवता ता कसा कळतला? तिका नुसती पाण्यावर आणून भागाचा नाय. भरूक व्हयी!"

मग लगेच फोन. एरवी फोन करायला माझ्याकडे देणारा माणूस, स्वतः लावला. "कृष्णाबाय, उद्या भरतीच्या टायमाक सगळ्यांका घेऊन ये. सगळ्यांका म्हणजे सगळ्यांका. जाळी, बर्फाची पेटी, माणसा, बायका, जो जो बसता तो. आणि जो जिथे बसता तिथेच बसूक व्हयो."

पलीकडून कृष्णाबाईचं हसणं मला बाथरूमच्या दारात ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशीची मजा मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळीच जाऊन ह्यांनी बळवंतच्या मदतीने जुनं सगळं तेल काढलं, झिरपत होतं तिथलं सील बदललं. मग चेंबरच्या तळाला जिथून तेल काढतात त्या भोकाला एक पारदर्शक नळी जोडली. गवंडी लोक भिंतीची पातळी बघायला वापरतात तसली. नळीचं दुसरं टोक वर उचलून त्या खिशावरच्या दोन रेघांशेजारी तारेने बांधलं. चेंबरमध्ये तेल जिथे असेल तिथेच ते नळीत दिसणार. जाळीची रेघ आणि क्रँकची रेघ, त्या काही खोट्या नव्हत्या. खोटी पडली ती पट्टी.

पावणेबाराला भरती आली आणि माणसं उतरायला लागली. मागे सुकाणूवर बळवंत. त्याच्यापुढे तीन खलाशी. मग ओल्या जाळ्यांचा ढीग. बर्फाच्या पेटीत बर्फ नव्हता, तर पाण्याचे कॅन भरले. पण उद्या पुनवेला घरच्या बायकाही बसणार होत्या. त्या धरायच्या की नाहीत? ह्यांनी डोकं खाजवलं.

"धर ना," कृष्णाबाई म्हणाली. "परतीला होरी मासलीनं भरलेली असते. आमी बाया बसलो म्हंजे तितकी मासली झाली समज."

"मी सुरमई!" नेत्रा ओरडली आणि उडी मारून बसली.

"तू कसली सुरमई, मांदेली तू," तिची चुलत सासू म्हणाली. "सुरमई मी."

सात बायका आपापल्या जागी बसल्या. सगळ्यांत शेवटी कृष्णाबाई मला म्हणाली, "तू कं बघतंस? बस. उद्या तुला पन न्यायची हाय." मी कुठली मासळी ते कोणी बोललं नाही, पण होडी माझ्या बाजूला किती झुकली ते सगळ्यांनी बघितलं आणि हसून घेतलं.

हे पुन्हा पालथे. हातात मापाचा मग. "आता कोणी हलाचा नाय! श्वास घेवा, पण हळू घेवा."

अर्धा लिटर ओतायचं, थांबायचं, नळी बघायची. पुन्हा अर्धा. आम्ही बारा माणसं पुतळ्यासारखी. डोक्यावर श्रावणातलं ऊन, मधेच सर येऊन जायची, पुन्हा ऊन. एका खलाशाला शिंक आली, त्याने नाक दाबून धरलं, डोळ्यांतून पाणी. नेत्राला ते बघून हसू आलं. ती हसली म्हणून तिची चुलत सासू, आणि मग एकेक करत सगळी होडी खदाखदा हलायला लागली.

"अरे देवा म्हाराजा!" आतून आवाज. "तेल नाचता! तेल नाचता हां हयसर!"

आता काय कोण थांबणार! मी ओठ चावत होते, पण शेवटी मीही फुटले. पालथ्या पडलेल्या ह्यांची पाठसुद्धा हसण्याने गदगदत होती. चार-पाच मिनिटांनी सगळ्यांनी डोळे पुसले, पदर सारखे केले आणि पुन्हा शहाण्यासारखी बसली.

तेल दोन रेघांच्या मधे येऊन थांबलं. पंपाची जाळी दोन बोटं बुडलेली, क्रँक एक बोट वर मोकळा. मग ह्यांनी बायकांना उतरवलं आणि पुन्हा बघितलं. मग मासे धरायची जाळी उतरवली, पुन्हा बघितलं. रिकाम्या होडीत तेल किंचित सरकलं, पण रेघांच्या बाहेर गेलं नाही. पुन्हा सगळ्यांना चढवलं. इंजिन पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, तेल खाली उतरायला दहा मिनिटं वाट बघितली. नळीतली पातळी पुन्हा जुळवली आणि मग कुठे डिपस्टिक घातली.

पट्टी बाहेर काढून ह्यांनी गुडघ्यावर ठेवली. आधीच्या खाचा होत्या त्यांच्या उलट्या बाजूला, तेलाची ओल जिथे संपली होती त्याच्या अर्धं बोट वर, कानशीने नवी खाच केली. दुसरी तिच्या खाली, बोटभर. इतक्या हळुवारपणे की मला आमच्या मुलीचे कान टोचले ते दिवस आठवले, तेव्हाही ह्यांचे हात असेच चालले होते.

"फक्त एक ध्यानात ठेव," हे कृष्णाबाईला म्हणाले. "तेल बघूचा ता होडी पाण्यावर आसताना. भरलेली आसताना. चिखलात कधीच नाय."

"ता मना सांगतंस?" कृष्णाबाई म्हणाली. आणि पुन्हा हशा उसळला. हे सगळ्यांत मोठ्याने हसले.

पुनवेला दुपारच्या भरतीला आम्ही निघालो. होडीला झेंडे, झेंडूच्या माळा, कृष्णाबाईच्या अंगावर नवं कोरं जांभळं लुगडं, जरीचे काठ. कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या एकामागून एक सुटत होत्या, कुठे बेंजो, कुठे नुसता आरडाओरडा. मी जन्मात होडीत बसले नव्हते. देवगडकडची सून, पण समुद्र बघायचा तो काठावरून. मी ह्यांचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता. ह्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. सुकाणूशेजारी एक छोटा लाल दिवा बसवला होता, तेल पोचलं नाही की पेटणारा. हे त्या दिव्याकडे बघत होते. विपुलही त्याच दिव्याकडे बघत होता. सगळी होडी आरती म्हणत होती आणि हे दोघे मिणमिणता तरी दिसतो का म्हणून त्या विझलेल्या दिव्यावर डोळे लावून बसले होते.

मधल्या पाण्यात कृष्णाबाईने सोनेरी कागदातला नारळ सोडला. हात जोडले. काय मागितलं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारलं नाही.

मग बळवंतने वळण घेतलं, आणि मुद्दामच जोरात घेतलं. होडी कलली, बायका किंचाळल्या, मी देवाचं नाव घेतलं. दिवा पेटला नाही. बळवंतने दुसऱ्या बाजूला वळवली. नाही पेटला. मग त्याने वेग वाढवला, होडीचं तोंड उचललं गेलं, पाणी दोन्ही बाजूंनी फाकत गेलं, आणि इंजिन एका सुरात वाजत राहिलं. ना धूर, ना थेंब. ह्यांनी मागे हात करून शर्टावरचा माझा हात थोपटला.

जेट्टीला लागलो तेव्हा काठावर तीच सगळी मंडळी जमली होती. मागच्या मोसमात दोरीने बांधून आणलेली होडी ज्यांनी बघितली होती ती. पण कृष्णाबाईने कोणाला उतरू दिलं नाही. "बसा. अजून दहा मिनटं बसा. मिस्तरी, तेल बघ."

"मी नाय," हे म्हणाले. "तू बघ. मी काय रोज येणार?"

दहा मिनिटं सगळे आपापल्या जागी बसून राहिलो. मग कृष्णाबाई चौकटीत उतरली. तिने डिपस्टिक ओढून काढली, ह्यांनी दिलेल्या फडक्याने पुसली. पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली. तिला अक्षरओळख नाही. पण माशाचा कल्ला उचलून तो कोणत्या भरतीचा ते सांगणारी ती बाई. तिने पट्टी डोळ्यांजवळ नेली. आम्ही कोणी श्वास घेत नव्हतो, आणि या वेळी ह्यांनी सांगितलं म्हणून नव्हे.

"दोन खाचांच्या मधी," ती म्हणाली. मग विपुलला दाखवली. "बघ रं. तू शिकलेला. हाय ना मधी?"

विपुलने बघितलं. पट्टीवर तेल स्वच्छ सोनेरी होतं. "आहे," तो म्हणाला. "अगदी मधोमध आहे, आई." मग पट्टीवरून तेल ओघळायला लागलेलं बघून म्हणाला, "थांब, फडकं कुठे गेलं? देतो." आणि तो इकडे-तिकडे शोधायला लागला.

ती थांबली नाही. तिने खांद्यावरचा पदर ओढला, नव्या लुगड्याचा जरीचा पदर, आणि त्यात ती पट्टी धरून वरपासून खालपर्यंत पुसली.

"अगं कृष्णाबाई!" मी ओरडले. "नवं कोरं लुगडं! तेलाचा डाग आहे तो, जन्मात जाणार नाही!"

"कशाला जायला हवा?" तिने पट्टी जागच्या जागी खोचली. "पुढल्या पुनवेला हेच नेसनार मी."

ह्यांनी तोंड फिरवून खाडीकडे केलं आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मी ह्यांचा शर्ट अजून सोडला नव्हता.

कृष्णाबाई फळीवरून जेट्टीवर चढली. पदर पुन्हा खांद्यावर घेताना तिने तो नीट उलगडला, डाग आत जाणार नाही असा पुढे घेतला, आणि गर्दीतून मान ताठ ठेवून घरी निघाली.